वडापाव वहीत, फ्लॅट वहीबाहेर

वीस रुपयांचा वडापाव रोज खाल्ला तर महिन्याला 600 रुपये जातात. तेच 600 रुपये दरमहा 12 टक्के परताव्याने गुंतवले, तर तीस वर्षांनी 21 लाख होतात. हे गणित आता मराठी मध्यमवर्गाला पाढ्यांसारखं पाठ झालं आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये, महिला मंडळात, कार्यालयातल्या दुपारच्या व्याख्यानात कोणीतरी ते फळ्यावर मांडतं, 21 लाखांखाली दोन रेघा ओढतं आणि श्रोते चहापानाला ठेवलेल्या सामोशाकडे अपराधी नजरेने बघतात.

गणित चुकीचं नाही, अर्धवट आहे. लाख तीस वर्षांनंतरचे आणि वडापाव मात्र आजच्या भावातला. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर तेव्हा हाच वडापाव 115 रुपयांना पडेल आणि 21 लाखांत तो साधारण 18,400 वेळा खाता येईल. निग्रहाने सोडलेले वडापाव होते 10,800. म्हणजे तीस वर्षांच्या तपश्चर्येचं फळ साडेसात हजार वडापाव, तेही अशा वयात की डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं असणार.

पण या फळ्यावरची खरी गफलत महागाईची नाही. फळ्यावर काय येतं आणि काय येत नाही, ही गफलत आहे. 50 लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता 43,391 रुपये बसतो आणि मुदत संपेपर्यंत नुसतं व्याज 54 लाखांच्या वर जातं. सॅम्पल फ्लॅटमध्ये फिरताना ‘दहा लाखच तर जास्त आहेत, बाल्कनी मिळतेय’ असं म्हणून 60 लाखांचं कर्ज घेतलं, की हप्ता 8,678 रुपयांनी वाढतो. एका रविवारी अर्ध्या तासात झालेला हा निर्णय चौदा माणसांच्या रोजच्या वडापावइतका, आणि तो वीस वर्षं दर महिन्याला फेडायचा. त्याच्यावर व्याख्यान होत नाही. तो ‘गुंतवणूक’ या नावाखाली पवित्र होऊन जातो आणि सोमवारपासून घरात कोथिंबिरीच्या जुडीवर चर्चा सुरू होते.

घरखर्चाबद्दल जो उपदेश चहूकडून केला जातो, त्याचा गाभा हाच आहे: बजेट कोलमडतं ते किरकोळ खर्चामुळे आणि बेशिस्तीमुळे, सबब वही घाला, लिहून काढा, घरातल्यांची बैठक घ्या, हौसमौज आवरा. हा उपदेश करणारे वाईट हेतूने करतात असं नाही. लिहिल्याने फायदा होतोच. आपला पैसा कुठे जातो याचा अंदाज बहुतेकांना नसतो, हेही खरं. वाद आहे तो निदानाशी. घरांचा जमाखर्च बुडतो तो चार-पाच मोठ्या निर्णयांत: घर, शाळा, आजारपण, लग्न, कोणाला तरी दिलेला जामीन. हे निर्णय वहीत येतच नाहीत, कारण ते वही लिहिणाऱ्या माणसाने घेतलेले नसतात.

या उपदेशाचं सध्याचं लाडकं हत्यार म्हणजे 50-30-20 चा नियम. हाती येणाऱ्या उत्पन्नातले 50 टक्के गरजांना, 30 टक्के हौशीला, 20 टक्के बचतीला. भारतातल्या सरासरी घराला तो लावून पाहू. 2023-24 च्या सरकारी घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार शहरी भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 6,996 रुपये होता, आणि त्यातले जवळजवळ 40 टक्के खाण्यापिण्यावर जात होते. चौघांच्या घराचे झाले 28,000. हे घर जितकं कमावतं तितकं खर्चतं असं धरलं, तर गरजांसाठी नेमून दिलेल्या निम्म्या रकमेतून अन्नाचे 40 टक्के गेल्यावर उरतात 2,800 रुपये. त्यात भाडं, वीज, गॅस, औषधं, बसचा पास आणि दोन मुलांची शाळा. खेड्यात माणशी खर्च 4,122 आणि अन्नाचा वाटा 47 टक्के. तिथे या नियमाचं नाव न काढलेलं बरं. खाण्यातला काही भाग बाहेरच्या खाण्याचा असतो, तो हौशीत टाका, असं कोणी म्हणेल. टाकू या. तरीही पिंपरीत किंवा डोंबिवलीत चौघांना राहायला खोली त्या उरलेल्या पैशांत मिळणार नाही.

गंमत अशी की या नियमाची आई या उपदेशकांच्या बाजूची नाहीच. 50-30-20 लोकप्रिय केला अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांनी, 2005 च्या ‘ऑल युवर वर्थ’ या पुस्तकातून. पुढे सिनेटर झालेल्या वॉरनबाई तेव्हा दिवाळखोरीच्या कायद्याच्या प्राध्यापक होत्या. याच मायलेकींनी 2003 मध्ये ‘द टू-इन्कम ट्रॅप’ हे पुस्तक लिहिलं होतं. नवराबायको दोघं कमावत असूनही अमेरिकी मध्यमवर्गीय कुटुंबं दिवाळं का काढतात, हा त्याचा प्रश्न. कपडे, हॉटेलिंग, चैन हे लोकांचं ठरलेलं उत्तर त्यांनी आकडे मांडून खोडून काढलं. महागाई वजा केल्यावर कपड्यांवरचा आणि अन्नावरचा खर्च एका पिढीपूर्वीपेक्षा उलट घटला होता. पैसा जात होता चांगल्या शाळेच्या परिसरातल्या महागड्या घराच्या हप्त्यात, आरोग्य विम्यात, पाळणाघरात, दुसऱ्या गाडीत. नियमातला 50 चा आकडा त्यातूनच आला आहे: न टळणारे मोठे खर्च निम्म्याच्या वर गेले तर आधी त्यांनाच हात घाला, कारण नोकरी गेली की तेच गळा आवळतात. आपल्याकडे पोचता पोचता त्यातली घराच्या हप्त्याची गोष्ट गळून पडली आणि हौशीवरची कात्री तेवढी उरली.

‘लोक उधळे, म्हणून कर्जबाजारी’ हे निदान मुंबईत शंभर वर्षांपूर्वीही ऐकू येत असे, आणि तेव्हाही कोणीतरी वह्या उघडून पाहिल्या होत्या. 1921-22 मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने शहरातल्या अडीच हजारांच्या घरातल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखालचा तो अहवाल 1923 मध्ये निघाला. खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात होता, बहुतेक कुटुंबं एकाच खोलीत राहत होती आणि जवळपास निम्मी कर्जात होती. अन्नाबद्दल अहवालाने काढलेला निष्कर्ष आजही वाचताना अंगावर येतो: कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांवरच्या मजुरासाठी ठरवलेल्या कमाल शिध्याइतकं होतं, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्यापेक्षा कमी. कर्जाचा रूढ दर होता रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला 75 टक्के. ज्या घरात लग्नासाठी 200 रुपये त्या दराने काढले असतील, तिथे महिन्याचं व्याजच साडेबारा रुपये. त्या घरच्या बाईने पानतंबाखूचे पैसे वाचवून कोणता डोंगर हलवायचा होता?

पानतंबाखूवर तेव्हा भाषणं झाली असणारच. ज्याचा उपयोग झाला ती गोष्ट वेगळी होती, आणि ती अर्ध्या शतकानंतर मुंबईच्या गिरणगावातच घडली. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका धान्य महिन्याच्या सुरुवातीला उधारीवर उचलत आणि पैसे मिळत ते गिरणीचा पगार झाल्यावर. मधल्या दिवसांचं व्याज वाणी आणि सावकार खात. हिशेबात त्या कच्च्या नव्हत्या. वीसवीस माणसांची ताटं, खाडे आणि थकबाकी तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला काटकसर कोणी शिकवायची? प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. घराचा जमाखर्च सावरला तो व्याजाचा दर उतरल्यामुळे. त्याच्या आधी, 1972 मध्ये, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी संयुक्त समिती झाली आणि मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, रवा, रॉकेल मिळत नसेल तर त्याचा जाब वहीला नव्हे, सरकारला विचारायचा, इतकी साधी गोष्ट त्यांना कळली होती. आज त्यांना बहुधा खर्चाची नोंद ठेवणारं ॲप डाउनलोड करायला सांगितलं असतं.

या प्रतिवादावर एक रास्त आक्षेप येतो. घर, शाळा, दवाखाना हे मोठे खर्च माणसाच्या हातात नसतात. हातात असतात ते लहान, म्हणून उपदेश लहानांचा. दवाखान्यापुरतं हे बरंचसं मान्य करावं लागेल. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा 2013-14 मधल्या 64 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39 टक्क्यांवर आला, पण 39 टक्केही एका रात्रीत घर बुडवायला पुरतात. आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का आणि जवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे, हे आधी विचारून ठेवणं हे वर्षभर चहा सोडण्यापेक्षा मोठं बजेटचं काम आहे. किती घरगुती बैठकांत ते होतं?

घर आणि जामीन मात्र हातातले निर्णय आहेत. फक्त कोणाच्या हातातले, हा प्रश्न आहे.

जामिनाचंच घ्या. महाराष्ट्रात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि त्यांच्या कर्जाला जामीनदार लागतात. मित्र भेटतो, हॉटेलात चहा होतो, कागद पुढे येतो, ‘नुसती सही आहे रे’. भारतीय करार कायद्याचं 128 वं कलम 1872 पासून सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. मित्राने हप्ते थकवले की सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघतो आणि पगारातून कपात सुरू होते. बायकोला ही सही कळते ती कपात सुरू झाल्यावर. तोपर्यंत त्या घरच्या वहीत दूध, पेपर, इस्त्री यांची नोंद तारखेनिशी असते. मित्राचे तीन लाख कोणत्या रकान्यात लिहायचे, हे त्या वहीला ठाऊकच नसतं.

दुसऱ्या बाजूला बाईचा डबा. डाळीच्या, रव्याच्या, तांदळाच्या डब्यात सरकवलेल्या नोटा. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि लक्षावधी घरांतले हे डबे एकाच आठवड्यात उघडे पडले. त्यावर विनोदांचा पाऊस पडला: बायकांचा काळा पैसा! बजेटवाले उपदेशक आजही या डब्यावर नाराज असतात. घरात लपवाछपवी नको, सगळा पैसा टेबलावर आणा म्हणतात. टेबलावर आणण्याची सक्ती डब्यापासूनच का सुरू होते, हे विचारायला हवं. जिला घराच्या कर्जाच्या मुदतीबद्दल कोणी विचारलं नाही, तिने अडीअडचणीला बाजूला टाकलेले चार पैसे ही लबाडी नसते. तो तिचा विमा असतो. 2024 मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये खात्यात यायला लागले, तेव्हा पुन्हा तोच सूर लागला: साड्या घेतील, पार्लरला जातील. योजना राज्याच्या तिजोरीला परवडते का, हा वाद खुशाल घालावा. पण दीड हजारांचा हिशेब मागणाऱ्या ओट्यावरच्या पुरुषांना शेजारच्याने हप्त्यावर काढलेल्या चारचाकीचा हिशेब मागावासा वाटत नाही.

काटकसरीच्या यादीतल्या आणखी एका ओळीचं कौतुक थांबवायला हवं: ‘बाहेरचं आणू नका, घरी करा.’ मसाले घरी, पापड घरी, पोळ्या घरी, मुलांची शिकवणी घरी. यात पैसा वाचतो, शंका नाही. तो कुठून येतो? 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्या कामात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जात होती, पुरुषाची 88. महिन्याला वाचलेले आठशे रुपये वहीत जमा होतात. त्यासाठी खर्ची पडलेले तिचे तास कुठल्याच बाजूला लिहिले जात नाहीत. रुपयाची बचत मिनिटांच्या उधारीवर झालेली असते आणि ही उधारी फेडायची कोणी ठरवलेलं नसतं.

‘कुटुंब म्हणून बजेट’ हा शब्दप्रयोग त्यामुळे कानाला गोड आणि आत पोकळ लागतो. कुटुंब हा एक माणूस नव्हे. ते एक माणूस मानलं की काय होतं, याचं सर्वांत उघडं रूप ऊसतोडीत दिसतं. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून कारखान्यांकडे निघणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसं, एक कोयता. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो, ती सहसा नवऱ्याच्या हाती. मग पुढचे पाच-सहा महिने दोघांनी टनाच्या भावाने ती फेडायची. उचलीतून घराची डागडुजी झाली, बहिणीचं लग्न झालं की जुनं देणं भागलं, हे ठरताना ती असतेच असं नाही. मोळी मात्र तिच्याच डोक्यावर असते. या घराला ‘दर महिन्याच्या 1 तारखेला’ सुरू होणारं अंदाजपत्रक सांगणं हा तर वेगळाच विनोद आहे. महिना हे पगारदाराचं माप. उसाचं बिल, कापसाचे पैसे, उचल यांना तारीख नसते. खर्च मात्र जूनमध्ये बी-बियाणं आणि शाळा एकदमच घेऊन येतो.

शहरातल्या सुशिक्षित घरांनी हे वाचून सुस्कारा सोडायचं कारण नाही. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. 60 लाखांच्या घरावर 60,000 रुपये. त्या एका टक्क्यासाठी करारावर तिचं नाव येतं; कर्जाची पात्रता वाढावी म्हणून सहकर्जदार म्हणूनही तिची सही घेतली जाते. सह्या करताना बँकेतला माणूस पेन्सिलीने फुल्या मारून देतो. त्या फुल्यांवर सही करणाऱ्या किती जणींना व्याजाचा दर बदलता आहे की स्थिर, हे सांगितलेलं असतं? नोकरी दोघांची, हप्ता दोघांच्या पगारातून, आणि पाच वर्षांनी दर वाढून मुदत लांबली की ‘तुझं ऑनलाइन शॉपिंग जरा कमी कर’.

तेव्हा बैठक घ्यायचीच असेल तर तिच्यापुढचे कागद बदलले पाहिजेत. दुधाच्या बिलाआधी कर्जाचं विवरणपत्र यावं: किती फेडलं, त्यात मुद्दल किती, दर कितीवर आहे. कोणाकोणाला जामीन दिला आहे ते यावं. भिशी किती, उसने किती, गावच्या घराला दरवर्षी किती जातात, विमा कोणाच्या नावे आणि वारस कोण, हे यावं. शाळा बदलायची असेल तर फक्त यंदाची फी नव्हे, दहावीपर्यंतची बेरीज यावी. लग्न असेल तर हॉल ठरवण्याआधी रक्कम ठरावी. यातली एकेक गोष्ट बोलायला अवघड आहे. वडापावबद्दल बोलणं सोपं असतं, म्हणून तर त्याच्यावर इतकं बोललं जातं. एवढं झाल्यावर वडापावचा हिशेब ज्याला लिहायचा त्याने लिहावा. वडापाव मात्र सोडू नये. 20 रुपयांत इतकं सुख देणारी दुसरी वस्तू अजून निघालेली नाही.

यावर शेवटचा हुकमी प्रश्न येतो: पण बायकांना एवढे आकडे कळतात का? साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांना हा प्रश्न रिझर्व्ह बँकेकडूनच आला होता. चेतना सिन्हा यांनी त्यांच्यासाठी सहकारी बँक काढायचा अर्ज केला. प्रवर्तक सभासदांना लिहितावाचता येत नाही म्हणून तो फेटाळला गेला. बायका घरी आल्या, अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना त्या म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.